बावखल बुजत होतं तेव्हा आम्ही सिनेमे पाहत होतो

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी-रविवारी मी विरारला धाकट्या भावाच्या घरी सोफ्यावर बसून एकामागून एक सिनेमे पाहिले. त्याच दोन दिवसांत वसईतल्या गिरीज गावी आमच्या घरामागचं बावखल मातीने भरलं गेलं. मी घरी असू नये म्हणूनच मला तिकडे बोलावलं होतं, हे मला रविवारी संध्याकाळी कळलं. ठरवणाऱ्यांत भाऊ एकटा नव्हता, हे कळायला आणखी थोडा वेळ गेला.

बावखल म्हणजे काय ते वसईबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. समुद्र इतका जवळ असूनही आमच्या विहिरींचं पाणी पिता येतं ते या बावखलांमुळे. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू मुरतं आणि खारं पाणी आत सरकू देत नाही, असं माझे बाबा सांगायचे. आमच्या बावखलाच्या काठाला भेंडीची झाडं होती, भाजीची नव्हे, उंच सावलीची, एका अंगाला पंपाची खोपी, आणि पाण्यात उतरायला बाबांनी स्वतः रचलेल्या चार ओबडधोबड पायऱ्या. त्यांनी आम्हा दोघा भावंडांना तिथेच पोहायला शिकवलं, कमरेला सुक्या नारळांची जोडी बांधून. मी आधी शिकले. भावाची वेळ आली तेव्हा त्याच्या पोटाखाली हात धरून पाण्यात मी उभी राहायचे, कारण बाबांनी हात लावला की तो रडायचा आणि मी लावला की रडायचा नाही.

बाबा गेल्यावर घरात आई आणि मी राहिलो. मी लग्न केलं नाही. त्यामागे काही मोठी कहाणी नाही. वसईच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले, ड्युट्या सुरू झाल्या, आणि वर्षं गेली. भाऊ लग्नानंतर विरारला फ्लॅटमध्ये राहायला गेला. भावजयीची शाळा तिकडे होती, ती शिकवते. पुढे मुलांच्या शाळा आणि क्लासही तिकडेच. तो सणाला यायचा, गावच्या फेस्ताला, चर्चच्या जत्रेला यायचा, अधूनमधून रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर जेवायला यायचा. तो येणार असला की आई पहाटेपासून स्वयंपाकघरात असायची. तो जेवून, झोपून, चहा घेऊन निघाला की ती गाडी वळेपर्यंत फाटकाशी उभी राहायची आणि मग उरलेला दिवस फारसं बोलायची नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात भावाने वाडीत घर बांधायचं काढलं. मला आनंदच झाला. मुलं मोठी झाली, फ्लॅट अपुरा पडतो, आणि आईजवळ राहायचं आहे, असं तो म्हणाला. पण घर त्याला हवं होतं बावखलाच्या जागी. त्या बाजूचा रस्ता रुंद झाला होता आणि गाडी थेट दारापर्यंत आली असती. मी म्हटलं, पुढच्या कोपऱ्यात केळी आहेत ती काढू, तिथे बांध. तो म्हणाला, तो कोपरा अरुंद आहे, शेजाऱ्यांची भिंत खिडकीत येईल. मग मी विहिरीच्या पाण्याचं बोलले, बाबांचं बोलले, आणि आवाज चढला. आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ती शेवटपर्यंत शेंगाच सोलत राहिली. भाऊ शेवटी म्हणाला, राहू दे बाय, तुझ्या मनाविरुद्ध काही करायचं नाही मला. लहानपणापासून तो मला बाय म्हणतो. त्यानंतर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मी समजले, मिटलं.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. त्याने मोठा टीव्ही घेतला होता, भिंतीएवढा, आणि मुलं आत्याला बोलाव म्हणून मागे लागली होती. दोन दिवस फक्त सिनेमे पाहायचे, कुणी स्वयंपाक करायचा नाही, बाहेरून मागवायचं. तारीख त्यानेच सांगितली, पुढचाच शनिवार-रविवार. माझी त्या दोन्ही दिवशी ड्युटी होती. पुढच्या महिन्यात येते म्हटलं, तर तो जरा थांबून म्हणाला, पुढच्या महिन्यात मुलाची परीक्षा आहे, जमव ना काहीतरी. तो इतक्या अगत्याने मला कशासाठीच बोलवत नसे. मी वॉर्डातल्या एका सहकारी नर्सला विचारलं. ती तयार झाली, पण बदल्यात तिने माझ्या गळ्यात नाताळची ड्युटी घातली. मी तेही कबूल केलं. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. आई बाहेर कुठे राहायला जात नाही. नातलगाच्या लग्नालाही ती संध्याकाळी घरी परततेच, कारण तिला दुसऱ्याच्या उशीवर झोप लागत नाही. या वेळी तिने फक्त विचारलं, गाडी किती वाजता येईल, आणि शुक्रवारीच पिशवी भरून ठेवली. रविवारची मिस्सा? मी विचारलं. आपल्या चर्चची रविवारची मिस्सा तिने ताप असतानाही सोडली नव्हती. ती म्हणाली, तिकडेही चर्च आहे की. मला बरं वाटलं. म्हातारपणी माणूस सैल होतो, तशी ही होते आहे असं मी मनात म्हटलं.

शनिवारी सकाळी भाऊ आम्हाला न्यायला आला. आई मागे बसली आणि वळणापर्यंत काचेतून घराकडे बघत राहिली. ती नेहमीच तशी बघते.

फ्लॅटमध्ये मुलांनी खरोखर थिएटर केलं होतं. पडदे ओढलेले, सोफ्यासमोर गाद्या, मध्ये चिवड्याचे आणि मक्याच्या लाह्यांचे वाडगे. भाची शाळेत जाणारी, भाचा कॉलेजात. भाचीने नियम सांगितले: प्रत्येकाने एक सिनेमा निवडायचा, दुसऱ्याचा आवडला नाही तरी उठायचं नाही, आणि सिनेमा चालू असताना फोन कुणाकडे राहणार नाहीत. तिने वेताच्या टोपलीत सगळ्यांचे फोन गोळा केले आणि टोपली फ्रिजवर ठेवली. भावाने स्वतःचा मात्र दिला नाही, ऑफिसचं काम आहे म्हणाला. भाची रुसली, तर त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

पहिला सिनेमा भाच्याचा, अंतराळातल्या युद्धाचा. यानं एकमेकांवर आदळत होती आणि सगळा हॉल हादरत होता. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण भाचा मला मध्येमध्ये समजावत होता, हा चांगल्या बाजूचा, तो आता फितूर होणार आहे, आणि मी लाह्या खात मान हलवत होते. भाऊ गॅलरीत जाऊन फोनवर बोलत होता. काचेचं दार बंद होतं, मला आतून त्याची पाठ दिसायची.

जेवणानंतर भावजयीचा सिनेमा. कोरियातला, हिंदीत बोलणारा. एक बाई आपल्या नवऱ्याच्या मित्राच्या प्रेमात पडते आणि शेवटपर्यंत कुणाला सांगत नाही. भावजय माझ्या शेजारी बसली होती. एरवी तिचं माझं चांगलं जमतं. रेसिपी, तिच्या शाळेतल्या गोष्टी, माझ्या वॉर्डातल्या, आम्ही तासन् तास बोलतो. त्या दिवशी ती सिनेमाकडे बघत राहिली आणि माझ्याशी अगदी मोजकं बोलली. मधेच मला म्हणाली, पाय वर घ्या ना, पाठीला उशी देऊ का? तिने मला दोन वेळा उशी दिली. मला ते जास्तच वाटलं, पण पाहुणीसारखं कुणी वागवलं तर कोणाला नको असतं?

तो सिनेमा संपल्यावर फोन परत मिळाले, तेव्हा माझ्या फोनवर शेजारच्या काकींचे बरेच मिस्ड कॉल होते. काकी म्हणजे आमच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या, आईच्या वयाच्या. आम्ही नसलो की आमची मांजर आणि कोंबड्या त्याच बघतात. मी लगेच फोन लावायला लागले, तेवढ्यात आईने हात पुढे केला. दे इकडे, म्हणाली, कोंबड्यांचं विचारत असेल, मी बोलते. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं. आईला ऐकायला कमी येतं, म्हणून ती फोनवर ओरडून बोलते. त्या वेळी मात्र मला बाहेर काही ऐकू आलं नाही. ती आली आणि फोन माझ्या हातात देत म्हणाली, "काही नाही. मांजरीने दूध सांडलं."

मी हसले. मांजरीने दूध सांडलं म्हणून काकी इतके फोन करतात, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि भाचीला फार हसू आलं.

संध्याकाळी भाचीचा सिनेमा लागला. वाट चुकलेल्या एका पेंग्विनच्या पिल्लाचं कार्टून. बर्फावरून भटकत, कुणाकुणाला भेटत ते शेवटी आपल्या कळपात पोचतं आणि त्याची आई हजारो पेंग्विनांमधून त्याचा आवाज ओळखते. छान होता तो सिनेमा. शेवटी दिवा लावला तर आई रडत होती, पदराने डोळे टिपत. मुलांनी तिला चिडवलं. तिने भाचीला जवळ ओढून तिचे पटापट मुके घेतले. मग भावाकडे बघून म्हणाली, "आलं बाई एकदाचं घरी."

भाऊ उठून पाणी आणायला गेला.

रविवारी सकाळी आम्ही सगळे जवळच्या चर्चमध्ये मिस्सेला गेलो. आई कम्युनियनसाठी, पवित्र भाकर घ्यायला उठली नाही. मी खुणेने विचारलं तर तिने गुडघ्यावर हात ठेवला, दुखतो असं दाखवलं. फादर खाली उतरून म्हाताऱ्यांना जागेवर येऊन देत होते. ते जवळ आले तेव्हा आईने मान हलवून नको म्हटलं. आमच्याकडे असं करत नाहीत. मनात काही जड असलं तरच माणूस कम्युनियन टाळतो. हे मला तेव्हाही माहीत होतं, तरी मी त्यावर विचार केला नाही. माझ्या मनात होतं की आज माझी पाळी आहे, आणि मी एक इराणी सिनेमा निवडला होता, त्याबद्दल वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

आधी भावाचा झाला. जुना हिंदी विनोदी सिनेमा, आम्ही लहानपणी गावात व्हिडिओ भाड्याने आणून पाहिलेला. त्यातले संवाद आम्हा दोघांना पाठ होते. पडद्यावरचा माणूस बोलायच्या आत मी बोलायचे आणि भाऊ पुढचं वाक्य टाकायचा; मुलं आमच्याकडे बघतच राहिली. हसून हसून माझ्या पोटात दुखलं. कितीतरी वर्षांत आम्ही दोघं असे शेजारी बसून हसलो नव्हतो. तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होता. आज त्या दोन दिवसांतलं दुसरं काहीही आठवलं तरी मी सहन करते. हे आठवलं की मला अजूनही बसलेल्या जागेवरून उठावं लागतं.

माझा इराणी सिनेमा दुपारी लागला. एका बाईला आपल्या गावातून शहरात जायचं असतं आणि बस मिळत नाही, एवढीच गोष्ट. मुलं पेंगली, भावजय आत गेली. सिनेमा अर्ध्यावर असताना भाऊ येऊन म्हणाला, आज राहा ना, उद्या सकाळी सोडतो. मी म्हटलं, उद्या मला सकाळची ड्युटी आहे, तुला माहीत आहे. त्याने दोनदा तीनदा सांगून पाहिलं. मी पिशवी भरायला उठले, तेव्हा त्याने गॅलरीत जाऊन आणखी एक फोन केला आणि मग गाडीची किल्ली घेतली.

वाटेत भावाने गाणीसुद्धा लावली नाहीत. मला वाटलं, दोन दिवस डोळे ताणून सगळे थकले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा अजून उजेड होता. रस्त्यावर लाल मातीचा थर होता आणि त्यात मोठ्या चाकांचे माग उमटले होते, आमच्या कुंपणापर्यंत गेलेले. मी म्हटलं, कुणाचं काम निघालं? भावाने गाडी थांबवली, बंद केली, आणि हात स्टिअरिंगवरच ठेवले.

"बाय," तो म्हणाला, "ऐकून घे आधी."

मी ऐकायला थांबले नाही. दार उघडून उतरले आणि घराला वळसा घालून मागे गेले.

तिथे मैदान होतं. लाल मुरूम, सपाट दाबलेला, भेंडीच्या झाडांच्या बुंध्यापर्यंत. पंपाच्या खोपीतून निघालेला पाइप मातीत घुसला होता. एका कडेला थोडंसं डबकं अजून उरलं होतं. शेजारपाजारची दोन-तीन माणसं त्यात गुडघाभर उतरून टोपल्यांनी मासे काढत होती. मला बघून ती थांबली आणि एकमेकांकडे पाहायला लागली. मधोमध एक बगळा उभा होता. चोच खाली करून माती बघायचा आणि पुन्हा मान वर करायचा. मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. वॉर्डात मी माणसं जाताना पाहिली आहेत, त्यामुळे मला सहजी रडू येत नाही. तिथेही आलं नाही. 

काकी कुंपणाशी आल्या. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की शनिवारी आम्ही गेल्यावर तासाभरात पहिला डंपर आला. त्यांनी ड्रायव्हरला हटकलं, मला फोन लावत राहिल्या, आणि मग आमच्याकडूनच फोन आला. "तुझी आई म्हणाली, सगळं घरात ठरलेलं आहे. तुला मात्र कळवायचं नाही, म्हणाली. मी काय करणार गं? आई आहे ती तुझी."

मी पुन्हा वळसा घालून पुढे आले. भाऊ फाटकाशी उभा होता. आई गाडीतच बसून होती, मागच्या सीटवर, पिशवी मांडीवर धरून.

मी भावाला एकच विचारलं, मला सांगायचं तरी का नाही? तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू डंपरपुढे आडवी झोपली असतीस."

"झोपले असते."

"म्हणूनच," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने मग बरंच सांगितलं. रोज विरारहून कामाला जाऊन तो थकला आहे, मुलांना गाव म्हणजे काय ते माहीत नाही, आईला शेवटच्या दिवसांत मुलगा जवळ हवा, पाण्यासाठी बोअर मारू, आणि बावखलं तर गावात रोज बुजतात, आपलंच एक राहून काय होणार होतं. सगळं बरोबर वाटावं असं त्याने मनात रचून ठेवलं होतं. मी म्हटलं, तू मला सिनेमे दाखवत होतास.  मग त्याने आणखी एक गोष्ट कबूल केली, की तारीख आईनेच सुचवली होती. माझं ड्युटीचं वेळापत्रक तिला ठाऊक असतं, आणि मी घरी नसेन असेच दिवस तिने निवडले. त्या दोन दिवसांत मला ड्युटी होतीच, पण दिवसाची. संध्याकाळी मी घरी आले असते आणि काम अर्ध्यावर थांबवलं असतं. म्हणून मला पूर्ण दोन दिवस बाहेर काढायचं ठरलं.

मी गाडीचं दार उघडून आईजवळ बसले. ती आमच्या घरच्या बोलीत बोलते. इथे मी ते सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे. मी विचारलं, आई, तू? ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली.

"तो परत येतो म्हणाला," ती म्हणाली. "या वेळी नाही म्हटलं असतं तर कायमचा तिकडचा झाला असता."

"आणि मी?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला तो प्रश्नच कळला नव्हता, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तू तर आहेसच गं," ती म्हणाली.

तिने हे प्रेमाने म्हटलं. माझ्या गालाला हातही लावला. त्या वाक्यात तिला काही वावगं वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नसेल. मी इतकी वर्षं तिच्याजवळ होते, तिचं दुखणंखुपणं, तिची औषधं, तिच्या रात्री माझ्या होत्या, आणि म्हणून मी हिशेबात धरायची गोष्टच नव्हते. भिंतीला कुणी विचारून घर बांधत नाही. ज्याला गमावायची भीती असते त्याच्यासाठी माणूस काहीही करतो. जो जाणारच नाही त्याच्याशी खोटं बोललं तरी चालतं. भावाने मला फसवलं ते मला समजत होतं, राग करता येत होता. आईच्या त्या हाताचं काय करायचं, ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर गेले. आठवडाभरात हॉस्पिटलजवळ एका सहकारी नर्सच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली आणि दोन बॅगा घेऊन तिकडे राहायला गेले. तक्रार कर म्हणून काहींनी सांगितलं. वाडी आईच्या नावावर होती आणि तिने होकार दिला होता. मी तक्रार केली असती तर तिला उत्तरं द्यावी लागली असती. म्हणून नाही केली. ते बरोबर केलं की चूक, याबद्दल माझं मत दर पावसाळ्यात बदलतं. मी निघाले त्या दिवशी आई ओटीवर बसली होती. तिला वाटत होतं, मी रागाने चार दिवस जाते आहे. तिने माझ्या डब्यात भाकऱ्या बांधून दिल्या.

नाताळला मी कबूल केल्याप्रमाणे वॉर्डात होते. भावजयीचा मेसेज आला, तुमच्याशिवाय घर सुनं वाटतं, आम्हाला माफ करा. तिला मी उत्तर दिलं. ती त्या दोन दिवसांत माझ्याकडे बघू शकली नव्हती, तेवढं मी तिच्या बाजूने धरते. मुलांना काही माहीत नव्हतं. भाचीला बापाने सांगितलं होतं की फोनचा नियम कर, मजा येईल. हे तिने मला स्वतः सांगितलं, खूप नंतर, रडत. तिची समजूत घालायला मला अख्खी दुपार लागली.

घर झालं. भाऊ राहायला आला. आईला हवं ते मिळालं, आणि पहिले काही महिने ती खरंच खूश होती, असं काकी सांगतात. नातवंडं दारात, सून सकाळी चहा आणून देते, रविवारी मुलाच्या गाडीतून चर्चला. मला ते ऐकून आनंद व्हावा इतकी मी मोठ्या मनाची नाही. वाईटही वाटलं नाही. घर झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ झालं. आधी भात शिजवताना कळायला लागलं, मग चहात. आता घरात प्यायच्या पाण्याचे कॅन येतात. भावाने हे मला फोन करून सांगितलं. का सांगितलं ते मला कळलं नाही. मी काही म्हणावं अशी त्याची इच्छा होती, किंवा काही म्हणू नये अशी. मी म्हटलं, कॅनचं झाकण नीट बघून घेत जा, सील असतं.

मग आईला मधुमेह निघाला. पायाला एक जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टरांकडे भाऊ घेऊन गेला, पण रोजचं ड्रेसिंग कोण करणार, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारलासुद्धा नाही. मी जायला लागले. सकाळची ड्युटी संपली की रिक्षाने गिरीज, ड्रेसिंग, साखर तपासायची, औषधं बघायची आणि परत खोलीवर. मी जुन्या घराच्या पुढच्या दाराने आत जाते आणि त्याच दाराने बाहेर पडते. मागे जात नाही. भाऊ घरी असला तर दारात येऊन उभा राहतो, मी त्याला आईच्या पायाबद्दल सांगते, तो ऐकतो. आमचं बोलणं तेवढंच आहे, आणि ते व्यवस्थित चालतं.

एकदा ड्रेसिंग करताना मी पट्टीचं शेवटचं टोक चिकटवत होते. आई माझ्या डोक्याकडे बघत होती, माझे केस आता तिच्यासारखेच पांढरे व्हायला लागलेत. ती म्हणाली, "मला माफ केलंस का गं?"

त्या दोन दिवसांनंतर तिने हे पहिल्यांदा विचारलं होतं. मी हो म्हणू शकले असते. वॉर्डात आम्ही रोज कुणाला ना कुणाला, बरं वाटेल हो तुम्हाला, असं सांगतो, आणि त्यात पाप नाही. पण तिच्याशी मला खोटं बोलायचं नव्हतं.

"अजून नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. रडली नाही, रागावलीही नाही. साखर तपासायला तिने आपलं बोट माझ्यापुढे धरलं.

"बरं," ती म्हणाली. "झालं की सांग."

मी सुई लावली, रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर घेतला आणि तिच्या बोटावर कापूस दाबून धरला. रक्त थांबायला हवं त्याहून जरा जास्तच वेळ.